टाचेचे दोन ठोके

“बाई नाचते का रस्ता फोडते?” हुसैनमियाँ तोंडात धरलेल्या खिळ्यांच्या फटीतून पुटपुटले.

हॉटेलच्या लिननरूममध्ये टॉवेलांच्या चळतीला पाठ टेकून ते फतकल मारून बसले होते. मांडीवर लाल चामड्याचा एक बूट पालथा घातलेला. जसिंता हातभर अंतरावर शिलाईमशीनवर होती. ते पुटपुटणं तिला ऐकू जावं म्हणूनच होतं, हे तिलाही ठाऊक होतं.

“चाचा, आधी खिळे काढा तोंडातून. गिळाल एखादा, आणि मला ॲम्ब्युलन्स बोलवायला लावाल.”

“चाळीस वर्षांत एक नाय गिळला. पण तू हे बघ तरी, बाय.”

त्यांनी बूट तिच्यासमोर धरला. चवड्याखाली आणि टाचेखाली बारीक खिळ्यांची डोकी अशी ठासून भरलेली की मोहरीच्या डब्यात डोकावल्यासारखं वाटावं. बरीचशी झिजून गुळगुळीत झालेली, काही ठिकाणी नुसतीच भोकं. फ्लामेंको हा नाच पायांनी वाजवायचा असतो आणि तो आवाज या खिळ्यांतून निघतो, हे जसिंताला कालच कळलं होतं. आज तिने ते चाचांना असं सांगितलं, जणू तिचा जन्म वसईत नाही, स्पेनमध्येच झाला होता.

“घोड्याच्या नालेला सात-आठ लागतात,” चाचा म्हणाले. “हिच्या एका पायाला शंभर. आणि वर हुकूम काय, तर बुटात हात घालायचा नाय. लोखंडी ठोकळा पण आत ठेवायचा नाय. मग खिळ्याचं टोक मोडायचं कशावर? माझ्या कपाळावर?”

हुसैनमियाँ मूळचे खेडचे. मस्कतच्या रुवी भागात त्यांचं चपला-बॅगा दुरुस्तीचं टपरीएवढं दुकान, आणि हॉटेलात काही फाटलं-उसवलं की जसिंता त्यांनाच बोलवायची. त्यांची तक्रार खरी होती. बुटाला खिळा मारताना आत लोखंडी ठोकळा ठेवतात. खिळा आरपार गेलाच तर टोक त्या लोखंडावर आपटून वाकतं. शेवटी बोटं आत फिरवून बघायची, काही टोचत नाही ना. एवढं केल्याशिवाय गिऱ्हाइकाला बूट द्यायचा नाही, हा मोच्याचा धर्म.

पण सलीलने बजावून ठेवलं होतं. सलील म्हणजे हॉटेलच्या कार्यक्रमांचा मॅनेजर, पुण्याचा, वय चौतीस, ॲसिडिटी साठ वर्षांच्या माणसाची. “अपशकुन मानतात त्यांच्यात, जसिंता आँटी. बुटात दुसऱ्याचा हात गेला की नाच जातो म्हणे. आर्टिस्ट लोक. आपण फक्त हो म्हणायचं.”

“मोठे आर्टिस्ट, म्हणून मोठे खिळे,” चाचा डब्यात बोटं घालत म्हणाले. “बारीक संपत आलेत माझ्याकडचे. हल्ली रुवीत मिळत पण नाय. सगळी दुनिया गोंदाने चिकटवते.”

ठक् ठक् करत ते कामाला लागले. हा मंगळवार होता. कार्यक्रम गुरुवारी संध्याकाळी.

---

बाईंचं नाव रेमेदिओस आल्कारास. लॉबीत तिचं माणसापेक्षा उंच पोस्टर उभं होतं. हात वर, मान एका बाजूला, आणि मागे सापासारखा वळत गेलेला झालरींचा लांब घोळ. वय बासष्ट. सलीलने छापून घेतलेल्या पुस्तिकेत तिची सगळी कहाणी होती आणि जसिंताने ती जेवणाच्या सुट्टीत दोनदा वाचली होती. बाप लोहार. मुलगी ठेका शिकली ती त्याच्या ऐरणीवर. घरात लाकडी जमीन नव्हती, म्हणून बापाने मागचं दार बिजागरीतून काढून अंगणात आडवं घातलं आणि पोर त्याच्यावर नाचायची. हिवाळाभर ते घर मागून उघडं होतं. नवव्या वर्षी जत्रेत, एकोणिसाव्या वर्षी राजाराण्यांपुढे. मग जपानपासून अर्जेंटिनापर्यंत सगळीकडे. धाकटा भाऊ अन्सेल्मो चाळीस वर्षं तिच्या नाचाला गिटार वाजवत होता. लग्न एक झालं होतं. त्याबद्दल पुस्तिकेत एकच ओळ होती, आणि जसिंताला वाटलं, तेवढी पुरे आहे.

जसिंता हॉटेलचे युनिफॉर्म, पडदे, टेबलक्लॉथ सांभाळायची. शिवण ती कुठे शिकली नव्हती, जुने कपडे उसवून उसवून शिकली होती. नाचाचे कपडे तिच्याकडे आले कारण दुसरं कुणी नव्हतं. तो काळा झगा तिने उचलला तेव्हा मनगट वाकलं. मागचा घोळच पाच-सहा किलोंचा. असा झगा घालून, लाथेने तो घोळ फेकत बाई नाचते म्हणजे पायात काय ताकद असेल, असं तिच्या मनात आलं.

त्याच दुपारी तिने ते पाय पाहिले.

झग्याची बाही आवळायची होती. रेमेदिओस मॅडम समुद्राकडच्या गच्चीवर आहेत, असं कुणीतरी सांगितलं. एप्रिलअखेर, दुपारचे दोन. त्या वेळी मस्कतमध्ये कावळासुद्धा सावली धरून बसतो. गच्चीच्या दगडी फरशीवर जसिंताच्या रबरी चपला चिकटत होत्या. आणि मधोमध, उन्हात, रेमेदिओस उभी होती. अनवाणी.

पाठ ताठ, पांढरे केस घट्ट बांधलेले. ती तोडक्या इंग्रजीत बोलायची, जसिंता हॉटेली इंग्रजीत, आणि दोघींचं बरं चालायचं. बाही किती घ्यायची, खांदा कसा मोकळा हवा, हे ती हात फिरवून दाखवत राहिली. पाच मिनिटं, सात मिनिटं. जसिंताच्या तोंडात टाचण्या होत्या आणि नजर खाली. तव्यावर भाकरी पडून असावी तसे ते दोन पाय फरशीवर पडून होते. हलत नव्हते. बोटसुद्धा आखडत नव्हतं.

“मॅडम, फरशी फार तापलीय,” शेवटी ती म्हणाली.

रेमेदिओसने आधी खाली पाहिलं. मग पाय उचलला.

“हो,” ती हसून म्हणाली. “गरम आहे.”

कुणालाही चटका बसला की पाय आधी उचलला जातो, बघणं मागून येतं. इथे उलटं झालं होतं. जसिंताच्या ते ध्यानात आलं आणि तिने ते तिथेच दाबून टाकलं. दाबायची सवय तिला जुनी होती.

---

बुधवारी तालीम होती. समुद्राच्या कडेला लाकडी रंगमंच उभारला होता. दिवे लावणारे, खुर्च्या मांडणारे सगळे आपापल्या कामात होते. जसिंता झगा सांभाळायला बाजूला उभी राहिली.

“मॅडम, रेडी?” सलीलने विचारलं.

रेमेदिओसने तोंडाने उत्तर दिलं नाही. उजवी टाच लाकडावर दोनदा आपटली. ठक्, ठक्. अन्सेल्मोची गिटार सुरू झाली.

“नेहमी असंच करतात?” जसिंताने नंतर अन्सेल्मोला विचारलं. तो म्हणाला, चाळीस वर्षं. बाप घण मारण्याआधी ऐरणीवर दोन हलके ठोके द्यायचा, समोर सांडशी धरणाऱ्याला इशारा म्हणून, की मी तयार आहे. रेमेने तेच उचललं. तिने तोंडाने ‘तयार’ म्हटलेलं त्याने कधी ऐकलेलं नाही.

आणि मग ती नाचली. जसिंताला वाटलं होतं, नाच म्हणजे धांगडधिंगा असेल. पण आधी बराच वेळ काहीच झालं नाही. बाई नुसती उभी. एक हात वर जाऊ लागला, इतका सावकाश की तो कुठे पोचणार याची जसिंताला काळजी वाटू लागली. चेहरा असा, जणू घरातलं कुणी गेल्याचा निरोप आलाय आणि तो अजून इतरांना सांगायचाय. मग पाय सुरू झाले. आधी एकेक टाका, हातशिलाईसारखा. मग मशीनचं पॅडल पूर्ण दाबल्यासारखा तो आवाज सुसाट सुटला, आणि तरी वरचं अंग शांत, खांदा हलत नाही. मजूर खुर्च्या हातात धरून उभे राहिले. जसिंताच्या डोळ्यांना पाणी आलं आणि तिला स्वतःचाच राग आला. कामावर असताना रडायचं नाही, असा तिचा नियम होता.

तेवढ्यात मागचा जनरेटर धडधडत सुरू झाला.

रेमेदिओसचा पाय चुकला. पायाखाली पायरी आहे असं वाटावं आणि नसावी, तशी ती गेली. दुसरा पाय शोधू लागली, खाली बघू लागली. पडलीच असती. अन्सेल्मोने गिटार टाकून तिला धरलं. इतका पटकन, की तो आधीपासून तयारीत बसला होता हे जसिंताला कळलं.

“बंद करा तो आवाज!” रेमेदिओस ओरडली. “मला ऐकू यायला हवं!”

जनरेटर लांब हलवला. सगळ्यांकडे एकेक कारण होतं. सलील म्हणाला, “ह्युमिडिटी आहे.” अन्सेल्मो म्हणाला, “दमली आहे, विमानाचा प्रवास.” दिवेवाला मुस्तफा म्हणाला, “फळीची फट असेल, यल्ला, चला, ठोकून देतो.” त्याने जिथे फट नव्हती तिथे दोन खिळे ठोकलेही. सगळ्यांना बरं वाटलं.

तालीम दोन तास चालली. नंतर कपडे बदलायच्या खोलीत जसिंता झगा घ्यायला गेली, तर रेमेदिओस पाठमोरी, बेसिनशी. स्वतःचे मोजे स्वतः धूत होती. पाणी गुलाबी होतं.

“मी धुते, मॅडम.”

“नको. सवय आहे.”

रंग जात असेल, असं जसिंता मनात म्हणाली. मोजे कातडीच्या रंगाचे होते. त्यांना जायला रंगच नव्हता.

---

घरी, माबेलाकडे जाणाऱ्या स्टाफ बसमध्ये तिला नॉरबर्ट आठवला. खरं म्हणजे त्याला आठवायचं नाही म्हणून ती तासभर खिडकीबाहेर बघत राहिली.

तिचा नवरा नॉरबर्ट साइटवर इलेक्ट्रिशियन. मधुमेह जुना. एकदा घरी आला, सेफ्टी शू काढला, तर आतून सुपारीएवढा खडा पडला. दिवसभर त्याच्यावर उभा होता आणि त्याला पत्ता नव्हता. मोजा तळाशी लाल. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. महिन्याभरात त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं, नव्यासाठी मेडिकल व्हायची होती. गल्फमधला माणूस मरणाला भीत नाही इतका ‘कॅन्सल’ या शब्दाला भितो. व्हिसा कॅन्सल, घर कॅन्सल, मुलीची, जोआनची शाळा कॅन्सल. “बारीकशी जखम आहे,” नॉरबर्ट म्हणाला. “हो, बारीकशीच,” जसिंता म्हणाली, आणि तिने मोजा धुतला. त्या महिन्यात तिने रोज मोजा धुतला. आधी अंगठा गेला, मग गुडघ्यापर्यंत पाय, आणि पावसाळ्याच्या आत नॉरबर्ट. आता चौथं वर्ष चालू होतं. जोआन बंगळुरात नोकरीला होती आणि दर रविवारी फोनवर विचारायची, “मम्मा, यू ओके?” जसिंता दर रविवारी ओके असायची.

त्या रात्री तिने ठरवलं, उद्या सलीलला सांगायचं. सकाळी सलील दिसला तेव्हा तो फोनवर कुणाला तरी सांगत होता, “सगळी तिकिटं गेली, मिनिस्ट्रीचे पाहुणे आहेत, काही झालं तर माझी नोकरी गेली म्हणून समज.” जसिंताने टेबलक्लॉथ मोजायला घेतले. चौऱ्याऐंशी भरले. तिने पुन्हा मोजले.

---

गुरुवारी, सूर्य डोंगरांआड जायच्या बेताला, हुसैनमियाँ आले. बोलावल्याशिवाय. टॅक्सी करून, धापा टाकत.

“बाय, माझ्या हातून चूक झाली.”

त्यांनी डबा उघडून दाखवला. बारीक खिळे मंगळवारी मध्येच संपले होते. उजव्या बुटाच्या चवड्याला शेवटच्या दहा-पंधरा जागा उरल्या होत्या, तिथे त्यांनी एक नंबर मोठे मारले. आत ठोकळा असता तर टोकं वाकली असती. आत हात घातला असता तर बोटांना कळलं असतं. दोन्ही नाही.

“मला वाटलं, टोचलं तर ती सांगेल,” चाचा म्हणाले. “टोचलं तर कुणीपण सांगेल. कालपास्नं वाट बघतोय मी फोनची. ती काय बोललीच नाय, बाय. म्हंजे खिळा आत गेला नसेल ना?”

 त्यांचा हात धरून जसिंता चालू लागली.

मगरिबची, सूर्यास्ताची अजान होऊन गेली होती. लोक खुर्च्यांवर बसत होते, अत्तराचा आणि समुद्राचा वास मिसळला होता. कपडे बदलायच्या खोलीत रेमेदिओस झगा घालून आरशासमोर बसली होती. काळा घोळ दगडी फरशीवर पसरलेला. पायात नुसते मोजे. लाल बूट शेजारी. अन्सेल्मो दाराशी गिटार लावत होता.

जसिंता आत गेली ती सरळ बुटापाशी. उजवा बूट उचलला आणि आत हात घातला.

“नाही!” रेमेदिओस ओरडली. “हात नाही! मी सांगितलं होतं, हात नाही!”

जसिंताने हात बाहेर काढला. मधल्या बोटावर रक्ताचा थेंब होता.

 मग जसिंता खाली बसली आणि परवानगी न विचारता तिने रेमेदिओसचा पाय मांडीवर घेतला, मोजा सोलून काढला. तळव्यावर गच्चीचे फोड होते, फुटलेले. चवड्यात एक भोक, कडा पांढऱ्या पडलेल्या, आणि भोवती कातडीचा रंग तो, जो जसिंताच्या ओळखीचा होता. तिने बोटाने तिथे दाबलं. रेमेदिओस समोरच्या आरशात बघत होती. तिला दाबलेलं कळलं नाही.

“खिळा!” अन्सेल्मो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात चक्क सुटका होती. “खिळा आहे! या गृहस्थांना सांगा, टोक मोडा. दहा मिनिटं आहेत.”

“मोडतो की,” चाचा पकड शोधू लागले. “एका मिनटाचं काम.”

सलील आत डोकावला, त्यालाही खिळ्याचं कळलं, आणि तोही म्हणाला, “अरे, एवढंच ना? थँक गॉड. प्लीज फास्ट, चाचा.” तो पळत बाहेर गेला. खिळा सापडल्याचा सगळ्यांना असा आनंद झाला, जणू हरवलेलं पोरच सापडलं. रेमेदिओसने हात पुढे केला.

“बूट,” ती म्हणाली. “दे.”

जसिंताने बूट छातीशी धरला.

“खिळा मंगळवारपासून आत आहे,” ती म्हणाली. मराठीतच म्हणाली, मग भानावर येऊन इंग्रजीत. “काल मॅडम याच्यावर दोन तास नाचल्या.”

अन्सेल्मोने गिटारची खुंटी पिळली. तार वर गेली, आणखी वर गेली.

“माझा नवरा,” जसिंता म्हणाली. हे तिने जोआनलाही सांगितलं नव्हतं, फादरलाही नाही. तिचं इंग्रजी तोकडं पडत होतं, म्हणून वाक्यं लहान लहान येत होती. “त्याच्या बुटात खडा होता. मी पाहिला. तो म्हणाला, बारीक आहे. मी म्हटलं, बारीक आहे. आम्हाला दोघांना माहीत होतं. मी मोजा धुतला, मॅडम. रोज धुतला. रोज सांगता आलं असतं.”

रेमेदिओस तिच्याकडे बघत होती. रंगवलेल्या भुवया, लाल ओठ, कानांत मोठ्या बाळ्या. त्या सगळ्याच्या आत एक म्हातारी बाई बसली होती आणि ती फार घाबरलेली होती.

“चाचा टोक मोडतील,” जसिंता म्हणाली. “बूट बरा होईल.”

 चाचांनी पकड पिशवीत परत टाकली. बाहेर टाळ्या सुरू झाल्या, दिवे मंदावले असावेत. टाळ्या ओसरल्या आणि समुद्र ऐकू येऊ लागला.

“मॅडम?” दाराबाहेरून सलीलचा आवाज. “मॅडम, रेडी?”

अन्सेल्मोची बोटं तारांवर गेली. चाळीस वर्षांच्या सवयीने तो त्या दोन ठोक्यांसाठी थांबला.

रेमेदिओस उभी राहिली. पाठ ताठ झाली, हनुवटी वर गेली. तिने उजवा पाय उचलला आणि टाच फरशीवर आपटली. उघडी टाच, दगडी फरशी. त्याचा आवाज तो काय होणार? तिने मान वाकवून खाली पाहिलं, पाय टेकला की नाही ते. पुन्हा आपटली, जोरात, इतकी की समोर बसलेल्या जसिंताच्या गुडघ्याला फरशीचा धक्का जाणवला. फरशीवर लाल डाग उमटला. बाहेर कुणाला काही ऐकू गेलं नाही. आत, तिलाही नाही.

“मॅडम?” सलीलने पुन्हा विचारलं.

ती भावाकडे वळली. त्याच्याशी ती नेहमी त्यांच्या भाषेत बोलायची. आता इंग्रजीत बोलली, खोलीतल्या सगळ्यांना कळावं म्हणून.

“अन्सेल्मो, मला माझे पाय कळत नाहीत. दोन वर्षं झाली. मी ते फक्त ऐकते.”